आठ पंखे आणि एक ठराव

साखर कारखान्याच्या ऑफिसात मी बत्तीस वर्षं पत्रं लिहिली. मंत्रालयाला, बँकेला, ऊस न देणाऱ्याला, न सांगता ऊस आणून टाकणाऱ्याला, सगळ्यांना. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी भाजीवाल्याशी बोलताना अजून 'सदर वांगी' असं तोंडात येतं. बायको म्हणते, बोलायच्या आधी जावक क्रमांक तेवढा टाकत जा.

माझा सगळा मोठेपणा एका गोष्टीत होता. माझ्या मसुद्यावर साहेब न वाचता सही करायचे. मी फाइल पुढं ठेवली की ते फोनवर बोलत बोलतच पेन काढायचे आणि मी बोट ठेवीन तिथं सही करायचे. बाकीच्यांच्या फाइली तीन-तीनदा परत यायच्या, माझी कधी आली नाही. हे मी गावात, पाहुण्यांत, लग्नाच्या मांडवात इतक्यांदा सांगितलंय की माझ्या सुनेला ते तोंडपाठ आहे. ज्याचं लिहिलेलं वाचायची कुणाला गरज पडत नाही तो खरा लिहिणारा, अशी माझी समजूत होती म्हणा ना.

तर असा मी रिकामा होऊन गावी आलो. गाव तीर्थपुरीपासून मोटारसायकलवर वीस मिनिटं. आल्या आल्या गावानं मला सार्वजनिक वाचनालयाचा सचिव केलं. वाचनाची आवड आहे का, हे कुणी विचारलं नाही. 'ह्यांना अर्ज लिहिता येतो' एवढ्या भांडवलावर माझी बिनविरोध निवड झाली. वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीशेजारच्या दोन खोल्या, तीन कपाटं आणि चार वर्तमानपत्रं. सरकारदरबारी आमचा वर्ग 'ड', म्हणजे शेवटचा. सकाळी म्हातारी मंडळी येऊन पेपरचं एकेक पान वाटून घ्यायची, बाजारभावाच्या पानावरून भांडायची आणि अकराला जेवायला जायची. दुपारभर खोल्या रिकाम्या असायच्या.

त्या रिकाम्या दुपारींचा उपयोग गावातल्या एका सुनेनं शोधला. ती डी.एड. झालेली, शिक्षकभरतीची वाट पाहून थकलेली. संक्रांतीनंतर एक दिवस माझ्याकडं आली आणि म्हणाली, "काका, दुपारी तीन ते साडेचार खोली द्या. बायांना वाचायला शिकवते." महिन्याला थोडंफार मानधन मिळालं तर सासरी सांगायला बरं, एवढीच तिची अट होती. मी लगेच हो म्हणालो. मानधन आणायचं कुठून हे मनातच आणलं नाही, कारण त्यासाठी अर्ज करता येईल, आणि अर्ज करता येतो म्हटलं की मला जगात काहीच अवघड वाटत नाही.

पहिल्या दिवशी अकरा बायका आल्या. त्यांत आमच्या मेंबरबाई होत्या. विहारामागच्या वस्तीतल्या, राखीव जागेवरून ग्रामपंचायतीवर निवडून आलेल्या आणि सभेचा दिवस सोडला तर दुसऱ्याच्या रानात मजुरीला जाणाऱ्या. निवडणुकीचा अर्ज भरायच्या वेळी घाईघाईनं त्यांना सही काढायला शिकवलं होतं. रांगोळी शिकवावी तशी, इथून वर, तिथून खाली. त्या सहीवर त्या दोन वर्षं मेंबरकी करत होत्या. कागदोपत्री त्या साक्षर होत्या.

शिकवणाऱ्या सुनेनं एकेकीला विचारलं, कशाला शिकायचंय? कुणाला मोबाइलवर आलेलं वाचायचं होतं, कुणाला एसटीची पाटी. मेंबरबाई म्हणाल्या, "मला गोष्टी-बिष्टी न्हाई वाचायच्या. मला ठराव वाचायचा हाय."

मग त्यांनी सांगितलं. गेल्या साली पाण्याच्या पाइपलाइनचा ठराव झाला. सगळ्यांबरोबर यांनीही सही केली. काही महिन्यांनी गावात नळ आले आणि विहाराच्या अलीकडंच थांबले. या विचारायला गेल्या तर त्यांच्यापुढं रजिस्टर उघडलं: 'वस्तीची लाइन पुढील टप्प्यात घेण्यात यावी.' खाली यांचीच सही.

"माझ्याच हातानं माझ्या वस्तीचं पाणी तोडलं म्या," त्या म्हणाल्या. "बाया अजून हातपंपावर जातेत. माझ्याशी बोलतेत, पण मला समजतं बराबर. पुढला टप्पा येईल तव्हा मला वाचता आलं पाह्यजे. बस्स."

खोलीतल्या बाया हळहळल्या. मलाही वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर, 'पुढील टप्प्यात घेण्यात यावी' हे वाक्य किती सफाईदार आहे, हेही त्याच क्षणी माझ्या मनात आलं. ज्यानं लिहिलं त्याला मी मनातल्या मनात दाद दिली. सवय जात नाही.

पहिल्या तीन महिन्यांचं मानधन वाचनालयाच्या वर्गणीतून निघालं. पुढं खडखडाट. आणि त्याच सुमारास जालन्याच्या एका खासगी शाळेनं आमच्या शिकवणाऱ्या सुनेला जूनपासून ये म्हणून सांगितलं. ती माझ्याकडं आली. "काका, मला हा वर्ग सोडायचा न्हाई. पण घरचे किती दिवस फुकट येऊ देतील? शाळा सुरू व्हायच्या आत काय ते सांगा." मेंबरबाई तोवर बाराखडी ओलांडून जोडाक्षरांपाशी अडल्या होत्या. वर्ग तिथंच थांबला असता तर त्यांना गावाच्या पाट्या वाचता आल्या असत्या, ठराव नाही.

"तू काळजी करू नको," मी म्हणालो, "झालंच समज." आणि कपाटातला पांढरा शर्ट काढून, फाइल काखेत मारून मदत मागायला निघालो.

पहिला मुक्काम तीर्थपुरीच्या बाजारात, एका बी-बियाणं-खताच्या दुकानात. माझा अर्ज चार पानी होता. सुरुवात 'मानवी जीवनातील अक्षरओळखीचे अनन्यसाधारण महत्त्व लक्षात घेता' अशी होती आणि पहिला पूर्णविराम दुसऱ्या पानावर होता. दुकानदारानं अर्ज हातात तोलला, युरियाच्या पोत्यावर ठेवला आणि चहा मागवला.

"काका, द्यायला बिलकुल ना न्हाई," तो म्हणाला. "पण पगाराला पैसे दिले तर नाव कुठं टाकायचं?"

"कुणाचं नाव?"

"वडिलांचं. त्यांच्या नावानं काहीतरी करायचं हायेच माझ्या मनात. पण दिसलं पाह्यजे ना. शिकवणाऱ्या बाईच्या कपाळावर थोडंच लिहिता येतं?"

त्याचं काही चुकत नव्हतं. आमच्याकडं दान दिसावं लागतं. थांब्यावरच्या सिमेंटच्या बाकाच्या पाठीवर, देवळाच्या पायरीवर, स्मशानातल्या पाण्याच्या टाकीवरसुद्धा ऑइलपेंटनं नाव असतं आणि नावाखाली 'स्मरणार्थ' असतं. माणसं कंजूष नाहीत, त्यांना फक्त रंगवायला जागा लागते. एका बाईनं दुसऱ्या बाईला वाचायला शिकवलं, यात रंगवायला जागा कुठं आहे? मी चहा संपेपर्यंत विचार केला आणि शरण गेलो.

"मग पंखा द्या," मी म्हणालो.

माझं गणित सोपं होतं. आज पंखा देईल, उद्या पंख्याखाली कोण बसतं ते बघायला येईल, परवा पगार देईल. कारखान्यात आम्ही याला पाठपुरावा म्हणायचो. हाच पाठपुरावा मी घनसावंगीला केला, अंबडला केला, गावातल्या चार घरी केला, आणि एप्रिलअखेर माझ्याकडं सात पंखे जमले. खोल्या दोन. चार आत लागले, एक ओसरीत, एक कपाटांमागच्या बोळात, आणि एक दाराच्या इतका जवळ की उंच माणसानं वाकून यावं. मानधनाचा पत्ता नव्हता. बायको एकदा डोकावून गेली आणि म्हणाली, "अहो, सगळे एकदम लावू नका. वाचनालय उडून जाईल."

प्रत्येक पंख्याच्या पात्यांवर नाव. तीन पाती म्हणजे तीन ओळी: एकावर 'कै.', दुसऱ्यावर नाव, तिसऱ्यावर 'यांच्या स्मरणार्थ'. आमच्याकडं शिकायची पुस्तकं तीनच, बायका अकरा. पण मान वर केली की वाचायला भरपूर. शिकवणाऱ्या सुनेनं ते बरोबर हेरलं. ती पंखे बंद करायची आणि बायका वर बघून जोडाक्षरं लावायच्या. आमच्या बायकांना 'बाजार' लिहिता यायच्या आधी 'स्मरणार्थ' वाचता यायला लागलं. एक आजीबाई तर घरी नातवाच्या वहीवरचं नाव वाचताना सवयीनं आधी 'कै.' म्हणाल्या आणि सुनेच्या शिव्या खाऊन आल्या.

मे महिन्याच्या दुपारी जालना जिल्ह्यात काय होतं ते मी सांगायला नको. पंखे सात, पण वाचायचं तर सातही बंद. घामाच्या धारा लागल्या की सुट्टी, म्हणजे पंखे चालू, म्हणजे धडा गायब. लाइट गेली की सगळं गाव शिव्या घालायचं आणि आमचा वर्ग रंगात यायचा.

तो खताचा दुकानदार खरंच एका दुपारी आपला पंखा बघायला आला. माझं गणित सुटायला लागलं असं मला वाटलं. तो दारात उभा राहिला तेव्हा पंखे बंद होते. त्याचं तोंड उतरलं. "आमचा बंद कामून?" तेवढ्यात मेंबरबाईंनी वर बघत त्याच्या वडिलांचं नाव वाचलं. आधी अक्षर अक्षर जोडून, मग एकदा सलग, मोठ्यानं. दुकानदारानं चपला काढल्या आणि आत येऊन उभा राहिला. वडिलांचं नाव त्यानं दोन-तीन ठिकाणी लिहून घेतलं होतं, पण ते कुणी वाचताना त्यानं कधी ऐकलं नव्हतं. त्यानं रुमाल काढून डोळे पुसले. मी खिशातलं पेन काढून तयार झालो.

"काका," तो रुमालाची घडी करत म्हणाला, "माझ्या आईच्याही नावानं एक पंखा घ्या."

आठवा पंखा अजून खोक्यात आहे.

मी बारा संस्थांनाही अर्ज पाठवले होते. अकरांनी उत्तर दिलं नाही. बारावी संभाजीनगरची, तिथून एक तरुण बाई आली. माझ्या अर्जाबद्दल तिनं स्पष्टच सांगितलं, "काका, मी पहिली ओळ वाचली आणि शेवटचा फोन नंबर. मधलं राहिलं." मला राग आला नाही, उलट जुन्या साहेबांची आठवण आली. ती बायकांबरोबर तासभर चटईवर बसली, घाम पुसत पंखे वाचून घेतले आणि जाताना म्हणाली, "शिकवणाऱ्या ताईंचं निम्मं मानधन आम्ही वर्षभर देऊ. निम्मं ग्रामपंचायतीनं द्यायचं, तसा ठराव पाठवा. गावानं हात लावला नाही तर आम्ही गेलो की वर्ग बंद पडतो."

एवढंच. एक ठराव, त्यात वर्गाचं नाव आणि निम्मा वाटा. दोन ओळींचं काम. सरपंचही तयार होते. दुसऱ्या कुणीही ते दहा मिनिटांत केलं असतं आणि ही गोष्ट इथं संपली असती. पण काम माझ्याकडं होतं.

आमच्या गावचे एक गृहस्थ जालन्यात मोठे व्यापारी आहेत. त्यांनी मला बोलावून घेतलं. पंख्यांत त्यांना रस नव्हता. वाचनालयाला कमान बांधून देतो म्हणाले, सिमेंटची, वर वडिलांचं नाव, रस्त्यावरून दिसेल अशी. ग्रामपंचायतीनं जागेची परवानगी द्यावी आणि पायाचा खर्च करावा. मी म्हणालो, उपकार होतील. तेव्हा ते म्हणाले, "आन् खांबावर खाली 'संकल्पना' म्हणून तुमचं नाव टाकू. एवढं करून राह्यले तुम्ही गावासाठी."

मी नको म्हणालो. दुसऱ्यांदाही नको म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो नाही; न जाणो, त्यांनी ऐकलं असतं. घरी येऊन पेपरच्या कोऱ्या कडेवर ते लिहून पाहिलं, आधी 'संकल्पना', खाली माझं नाव. मग वडिलांच्या नावासकट. बायकोनं विचारलं, "काय करून राह्यले?" मी म्हणालो, शब्दकोडं सोडवतोय.

बत्तीस वर्षांत माझ्या एकाही पत्राखाली माझं नाव आलं नव्हतं. लिहायचो मी, नाव साहेबांचं. कमानीची भुरळ का पडली याचं हे कारण आहे. सबब म्हणून सांगत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

अडचण एवढीच होती की ग्रामपंचायतीपाशी असल्या कामाला पैसा थोडा. कमानीचा पाया आणि मानधनाचा निम्मा वाटा, दोन्ही त्यात बसेनात. मी दोन दिवस खपून दोघांनाही बसवलं, म्हणजे कागदावर. ठराव असा झाला: 'ग्रामस्थांच्या वाचनाभिरुचीच्या संवर्धनार्थ सार्वजनिक वाचनालयाच्या दर्शनी भागी कमान उभारणीस परवानगी देण्यात येऊन पायाभरणीचा खर्च ग्रामनिधीतून करण्यात यावा, सदर कमानीवर संकल्पना म्हणून सचिव श्री.' (इथं माझं पूर्ण नाव) 'यांच्या उल्लेखास मान्यता असावी, तसेच निधीच्या उपलब्धतेनुसार इतर आनुषंगिक उपक्रमांस यथावकाश सहकार्य करण्यात यावे.'

'इतर आनुषंगिक उपक्रम' म्हणजे वर्ग. संस्थेच्या बाईला 'उपक्रम' आणि 'सहकार्य' हे दोन शब्द दाखवायचे आणि उरलेलं एक पत्र लिहून निभावून न्यायचं, असा माझा बेत होता. कुणाला फसवतोय असं मला वाटत नव्हतं. मला वाटत होतं मी मार्ग काढतोय. मी तो ठराव बायकोला वाचून दाखवला. ती निवडत असलेले तांदूळ बाजूला ठेवून म्हणाली, "कुणाला समजेल का हे?"

"समजायची गरजच नाही," मी म्हणालो, "असाच लिहिलाय."

ठराव मांडणारा म्हणून एक सूचक लागतो. तिथं मी मेंबरबाईंचं नाव टाकलं. बाईमाणूस, वर्गातली, शोभून दिसेल. त्यांना विचारलं नाही. त्यात विचारायचं काय, असंच मला वाटलं.

मेअखेरीस ग्रामपंचायतीची मासिक सभा झाली. सरपंच, मेंबर मंडळी, ग्रामसेवक, आणि वाचनालयाचा सचिव म्हणून खास बोलावलेला मी. ग्रामसेवकानं माझा ठराव आधीच रजिस्टरमध्ये उतरवून ठेवला होता, एक अक्षर न बदलता. रजिस्टर फिरायला लागलं. सरपंचांनी फोनवर बोलत बोलत सही केली. मागोमाग तीन मेंबरांनी केली. मी भिंतीला टेकून बघत होतो. जुने दिवस परत आल्यासारखं वाटलं आणि मला फार बरं वाटलं.

रजिस्टर मेंबरबाईंपुढं आलं. मी सवयीनं उठलो, त्यांच्या शेजारी गेलो आणि सहीच्या जागी बोट ठेवलं.

"हात काढा भाऊ," त्या म्हणाल्या. "अक्षर झाकून राह्यलं."

त्यांनी डोक्यावरचा पदर मागं सारला, रजिस्टर जवळ ओढलं आणि पहिल्या शब्दावर बोट टेकवलं. त्यांचे ओठ हलायला लागले. 'वाचनाभिरुचीच्या' पाशी त्या थांबल्या, मागं गेल्या, परत आल्या. 'संवर्धनार्थ' मात्र चटकन वाचलं. त्याचं शेवटचं अक्षर पंख्यावरचं होतं. ग्रामसेवक घड्याळ बघून म्हणाला, "ताई, मी वाचून दाखवतो ना. जल्दी होईल."

त्यांनी मान वर केली नाही. "मागल्या टायमाला जल्दीच झालं व्हतं."

सरपंचांनी फोन खाली ठेवला. सगळे थांबले. वाक्य एकच होतं आणि ते संपत नव्हतं. ते लिहिताना मला त्याच्या लांबीचा अभिमान वाटला होता. आता मजुरीनं भेगा पडलेलं एक बोट त्याच्यावरून एकेक अक्षर पुढं सरकत होतं, आणि ज्या ज्या शब्दाला त्या अडायच्या तिथं तिथं मला वाटायचं, हा कशाला घातला मी? जन्मात पहिल्यांदा मी माझं लिहिलेलं कुणाला तरी वाचताना बघत होतो. पळून जावंसं वाटत होतं.

मग त्या माझ्या नावापाशी आल्या. नावं त्यांना सगळ्यांत चांगली वाचता यायची, शिक्षणच नावांवर झालेलं. माझं नाव त्यांनी एका दमात वाचलं, मोठ्यानं, वडिलांच्या नावासकट, आणि वर माझ्याकडं बघितलं. मी खोकल्यासारखं काहीतरी केलं. त्या परत खाली बघून वाचत राहिल्या, पार शेवटपर्यंत. "सूचक," त्यांनी वाचलं, आणि पुढं स्वतःचं नाव वाचलं.

"हे म्या कव्हा सुचवलं?"

ग्रामसेवकानं माझ्याकडं बघितलं.

"भाऊ, ह्याच्यात आपला वर्ग कुठं हाय?"

मी पुढं वाकून बोट ठेवलं. इतर आनुषंगिक उपक्रम.

त्यांनी ते तीन शब्द पुन्हा वाचले. मधल्यापाशी बराच वेळ गेला. मग विचारलं, "हे आमी का?" रागानं नाही. वर्गात नवा शब्द आला की विचारायच्या तसं, माहिती पाहिजे म्हणून विचारलं. "इतर म्हंजे आमी?"

"हो," मी म्हणालो.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाइपलाइनचा ठराव ज्यानं कुणी लिहिला त्याला मी दाद दिली होती, आणि आता त्याच्याच पंगतीला जाऊन बसलो होतो. त्याच्यावरही कडी केली होती म्हणा. वर्ग माझ्याच वाचनालयातला, आणि मी तोच पुढच्या टप्प्यात ढकलला होता, त्याच बाईच्या सहीनं.

"मंग माझी सही न्हाई," मेंबरबाई म्हणाल्या. रजिस्टर त्यांनी ग्रामसेवकाकडं सरकवलं आणि माझ्याकडं वळल्या. "दुसरा लिहा. म्या सांगते."

सरपंच माझ्याकडं बघायला लागले. मी चिडेन असं त्यांना वाटलं असावं. मी ग्रामसेवकाकडून एक कोरा कागद मागून घेतला. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. गावातल्या बायांना वाचायला शिकवणाऱ्या बाईला वर्षभर मानधन द्यायचं. निम्मं पंचायत देणार, निम्मं संस्था देणार. वर्ग बंद पडू द्यायचा नाही. एका ठिकाणी माझ्या हातून 'सदर' पडला. त्यांनी कागदात डोकावून विचारलं, "हे काय?" मी खोडला.

"आन् कमानीचं?" एका मेंबरनं विचारलं.

"कमान पुढल्या टप्प्यात घ्या," मेंबरबाई म्हणाल्या.

आधी कुणी हसलं नाही. मग सरपंचच हसले आणि सगळी सभा हसली. सगळ्यांत जास्त मी हसलो, कारण तोंड लपवायला तेवढंच होतं. जालन्याच्या व्यापाऱ्यांनी त्यानंतर माझा फोन उचललेला नाही, आणि माझं नाव पेपरच्या त्या कडेवरच राहिलं. तो पेपर बायकोनं पुढं डब्यात अंथरला.

पण त्या दिवशी मला कमानीचं काही वाटलं नाही. माझ्यापुढं तीन ओळींचा कागद होता, जन्मातला सगळ्यांत छोटा मसुदा. ग्रामसेवक हात पुढं करून म्हणाला, "द्या इकडं, उतरवून घेतो रजिस्टरात. ताई, तव्हर खाली सही करून टाका."

मी कागद मेंबरबाईंपुढं ठेवला. या वेळी बोट लांब ठेवलं. "तुम्ही सांगितलं तेच लिहिलंय," मी म्हणालो.

"असंल भाऊ," त्या म्हणाल्या. "पण वाचते."

आणि त्यांनी पहिल्या शब्दावर बोट टेकवलं. मी खाली सतरंजीवर बसलो आणि त्यांचं वाचून होईपर्यंत थांबलो.